प्रमाण उत्तरच चुकते तेव्हा: संगणकीय भौतिकीतील एका प्रश्नाचे प्रकरण

हे प्रकरण एका प्रश्नाचे आहे आणि तो प्रश्न मीच तयार केला होता. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलांची क्षमता तपासण्यासाठी विषयाच्या जाणकारांकडून अवघड प्रश्न लिहून घेण्याचे काम हल्ली फ्रीलान्स पद्धतीने दिले जाते, आणि संगणकीय भौतिकीत काही वर्षे संशोधन केले असल्यामुळे त्या विषयाचे प्रश्न माझ्याकडे आले. करारातल्या अटी थोडक्यात सांगते, कारण पुढे जे घडले त्याचे मूळ त्यांच्यातच आहे. प्रश्न नवा हवा, त्याचे उत्तर एकच संख्या हवी, ते उत्तर काढणारा प्रोग्राम सोबत जोडायला हवा आणि किती टक्के फरक चालेल तेही आधीच सांगायला हवे. प्रश्न दाखल झाला की तो एका मॉडेलला चार वेळा स्वतंत्रपणे सोडवायला दिला जाई. चारपैकी किमान तीन वेळा मॉडेलचे उत्तर माझ्या प्रमाण उत्तराशी, म्हणजे मी बरोबर म्हणून दिलेल्या उत्तराशी, जुळले नाही, तरच प्रश्न पुढे परीक्षकाकडे जाई, आणि परीक्षकाने मान्य केल्यावर ठरलेला मोबदला मिळे. मॉडेलने प्रश्न सोडवला, तर त्यावर घालवलेले दोन-तीन दिवस पाण्यात.

मी निवडलेला विषय क्वांटम भौतिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या ओळखीचा आहे. दोन खळगे आणि मध्ये टेकाड, अशा आकाराच्या स्थितिज ऊर्जेत एक कण आहे. अभिजात यामिकीनुसार कमी ऊर्जेचा कण ज्या खळग्यात असेल तिथेच राहतो, पण क्वांटम यामिकीत तो टेकाडाच्या आरपार झिरपतो; यालाच टनेलिंग म्हणतात. त्यामुळे सर्वांत खालची ऊर्जापातळी दुभंगते आणि एकमेकींना अगदी खेटून असलेल्या दोन पातळ्या तयार होतात. फ्रीडरिश हुंड यांनी १९२७ मध्ये रेणूंच्या संदर्भात नेमक्या याच रचनेचा विचार केला होता. अमोनियाच्या रेणूत नायट्रोजनचा अणू तीन हायड्रोजनांच्या प्रतलाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातो तो याच मार्गाने. तिथल्या दोन पातळ्यांमधले अंतर सुमारे २४ गिगाहर्ट्झ वारंवारितेएवढे भरते आणि १९५४ मध्ये चार्ल्स टाउन्स यांच्या गटाने पहिला मेसर (लेसरचा सूक्ष्मतरंगांवर चालणारा पूर्वज) चालवला तो याच अंतराच्या आधारावर. म्हणजे हे अंतर केवळ कागदावरचे नाही.

माझा प्रश्न असा होता. प्लँकचा संक्षिप्त स्थिरांक आणि कणाचे वस्तुमान हे दोन्ही १ धरा. स्थितिज ऊर्जा अशी घ्या: स्थान क्ष असेल तर क्षच्या वर्गातून ५० वजा करा, जे येईल त्याचा वर्ग करा आणि त्याला ४०० ने भागा. सर्वांत खालच्या दोन ऊर्जापातळ्यांमधले अंतर काढा. आकडे सोयीचे आहेत. खळगे मध्यापासून सुमारे ७.०७ अंतरावर येतात, मधल्या टेकाडाची उंची ६.२५ भरते, आणि प्रत्येक खळग्याच्या तळाशी कणाच्या आंदोलनाची कोनीय वारंवारिता नेमकी १ येते. तळाच्या पातळीची ऊर्जा सुमारे ०.४९५ आहे, म्हणजे टेकाडाच्या माथ्यापासून बरीच खाली. टनेलिंग अतिशय क्षीण असणार हे उघड होते आणि मला तेच हवे होते, कारण अंदाजपंचे उत्तर देणाऱ्याला इथे थारा मिळू नये असा माझा हिशेब होता.

प्रमाण उत्तर मी सरळ रस्त्याने काढले. उणे २० ते अधिक २० या पट्ट्यावर ०.०१ च्या पायरीने ४,००१ बिंदू घेतले, कणाच्या ऊर्जा ठरवणाऱ्या श्रोडिंगर समीकरणाचे बिंदूंच्या त्या जाळ्यावर, म्हणजे ग्रिडवर, मॅट्रिक्समध्ये रूपांतर केले, तयार गणिती लायब्ररीकडून तिची सर्वांत लहान दोन आयगेनमूल्ये (म्हणजे तळाच्या दोन ऊर्जा) मागवली आणि त्यांची वजाबाकी केली. उत्तर आले ते दशांश चिन्हानंतर अकरा शून्ये आणि मग १३७ असे. डबल प्रिसिजनमध्ये, म्हणजे संगणकाच्या नेहमीच्या अंकपद्धतीत, साधारण सोळा सार्थ अंक मिळतात. ऊर्जा ०.४९५ च्या घरात असेल तर तेरा-चौदाव्या दशांश स्थळापर्यंत सुरक्षित असायला हवे, हे मी मनाशी ताडून पाहिले आणि पाच टक्क्यांची सूट ठेवून प्रश्न दाखल केला. मॉडेल चारही वेळा चुकले. परीक्षकाने भौतिकी तपासली, प्रश्नाची भाषा तपासली, माझा प्रोग्राम चालवून तोच आकडा येतो याची खात्री केली आणि प्रश्न मान्य झाला. आठवड्याभरात मोबदलाही जमा झाला.

पंधरा-वीस दिवसांनी दुसऱ्या एका परीक्षकाने तो प्रश्न पुन्हा उघडला. मान्य झालेल्या प्रश्नांतले काही प्रश्न असे अधूनमधून फेरतपासणीला जात. त्यांनी माझ्या प्रोग्राममध्ये एकच बदल केला होता: ०.०१ ऐवजी ०.००८ ची पायरी. उत्तर अडीचपट झाले होते. त्यांचा शेरा एका ओळीचा होता. “ग्रिड किंचित बारीक केल्यावर उत्तर बदलते, कृपया पाहावे.” पहिली प्रतिक्रिया मला न शोभणारी होती, ती लपवत नाही, यांनी कुठेतरी सीमा चुकीची टाकली असणार, असेच मला वाटले. मग मी स्वतः पायरी बदलून पाहिली, पट्ट्याची रुंदी बदलून पाहिली, लायब्ररीतली दुसरी पद्धत वापरून पाहिली. दर वेळी वेगळा आकडा येत होता आणि दर वेळी तो सभ्य दिसत होता: लहानसा, धन आणि पटण्याजोगा.

या सभ्यपणाचे कारण आधी सांगते, कारण मला सर्वांत जास्त फसवले ते त्यानेच. आयगेनमूल्ये देणारी लायब्ररी ती चढत्या क्रमाने लावून देते. त्यामुळे दुसऱ्यातून पहिले वजा केले की उत्तर ऋण येण्याची सोयच राहत नाही. वजाबाकीत निव्वळ गोंगाट उरला असला, तरी तो धन संख्येच्या वेशात समोर येतो. काही वेळा ऋण उत्तर आले असते, तर माझ्या लगेच लक्षात आले असते.

खरी चूक सोळा अंकांच्या त्या हिशेबात होती. संगणकाच्या अचूकतेचा विचार मी ०.४९५ या संख्येच्या मापाने केला. पण आयगेनमूल्य काढताना होणारी राउंडिंगची त्रुटी त्या मूल्याच्या आकाराप्रमाणे ठरत नाही. ती संपूर्ण मॅट्रिक्सच्या आकाराप्रमाणे, म्हणजे तिच्या सर्वांत मोठ्या आयगेनमूल्याप्रमाणे ठरते. गतिज ऊर्जेचे ग्रिडवर रूपांतर करताना पायरीच्या वर्गाने भागावे लागते, म्हणून पायरी ०.०१ असेल तर त्या मॅट्रिक्सचे सर्वांत मोठे आयगेनमूल्य २०,००० च्या घरात जाते. डबल प्रिसिजनची सापेक्ष त्रुटी पंधरा शून्यांनंतर २२ इतकी असते. तिला २०,००० ने गुणले की अकरा शून्यांनंतर ४४ ही संख्या मिळते. माझे ‘उत्तर’ या मर्यादेच्या आतच होते. म्हणजे मी जे मोजले ते टनेलिंग नव्हते, संगणकाची थरथर होती. आणि ग्रिड बारीक करण्याचा नेहमीचा शहाणपणा इथे उलटा पडत होता. पायरी निम्मी केली की ते सर्वांत मोठे आयगेनमूल्य चौपट होते आणि गोंगाटही चौपट वाढतो. पायरी मोठी करावी, तर ग्रिडच्या ढोबळपणाची चूक डोके वर काढते; ०.०५ ची पायरी घेतली तर तिच्यामुळे अंतर सुमारे तीन टक्के बदलते, आणि एवढी तडजोड करूनही राउंडिंगची मर्यादा खऱ्या उत्तराच्या चार-पाच पट उरतेच. दोन्हीकडून कोंडी.

एक चित्र काढले असते, तर हे सगळे पहिल्याच दिवशी दिसले असते. खळगे सममित आहेत, तेव्हा तळाच्या पातळीचे तरंगफल (कण कुठे सापडण्याची शक्यता किती, हे ज्यावरून कळते ते फल) दोन्ही खळग्यांत सारखेच हवे: डावीकडे एक उंचवटा आणि उजवीकडे तंतोतंत तेवढाच दुसरा. शेऱ्यानंतर मी ते चित्र प्रथमच काढले. डावा उंचवटा उजव्याच्या दुपटीहून उंच होता. दोन पातळ्यांमधले अंतर गोंगाटाखाली बुडाले होते, त्यामुळे त्यांचे सम रूप (दोन्ही खळग्यांत एकाच चिन्हाचे) आणि विषम रूप (दोन खळग्यांत उलट चिन्हांचे) लायब्ररीला वेगळे ओळखता येत नव्हते. दोघांचे कसेही मिश्रण करून ती पुढे ठेवत होती. पायरी बदलली की चित्राचा कल बदलत होता. ऊर्जेचे आकडे बघून हे कधीच कळले नसते, आणि मी फक्त आकडेच बघितले होते.

आता मॉडेलच्या चार उत्तरांकडे वळते. प्रश्न दाखल करताना मी त्यांच्या केवळ शेवटच्या ओळी पाहिल्या होत्या. स्वयंचलित तपासणीही तेवढेच पाहत असे. या वेळी चारही उत्तरे सुरुवातीपासून वाचली. पहिल्यात माझ्यासारखाच ग्रिडचा प्रोग्राम होता आणि उत्तरही माझ्यासारखेच गोंगाटाचे, फक्त वेगळे. चौथ्यात डबल प्रिसिजनमध्ये दोन्ही पातळ्या सारख्याच दिसतात असे म्हणून अंतर शून्य लिहिले होते. उत्तर म्हणून ते चूक होते, पण माझ्यापेक्षा प्रामाणिक होते. दुसऱ्यात गणन मुळीच नव्हते. अशा दुहेरी खळग्यासाठी पाठ्यपुस्तकांत मिळणारे अर्ध-अभिजात सूत्र त्यात वापरले होते. त्या सूत्रात एक घातांकी घटक येतो, आणि या आकड्यांसाठी तो घातांक उणे ३३.३३ भरतो, त्याच्या आधी येणारा गुणक सुमारे १५.९६ आहे. गुणाकार तेरा शून्यांनंतर ५३३ येतो. तिसऱ्या उत्तरात मॉडेलने ‘इथे वजाबाकीत सगळे सार्थ अंक नष्ट होतील’ असे आधीच नमूद करून पन्नास अंकी अचूकतेत गणन केले होते. त्याचे उत्तर तेरा शून्यांनंतर ५१७ होते.

तेच बरोबर होते. माझे प्रमाण उत्तर खऱ्या उत्तराच्या सव्वीस पटींहून मोठे होते, आणि ज्या एका प्रयत्नात मॉडेलने प्रश्न नीट समजून सोडवला, त्या प्रयत्नावर मी ‘चूक’ असा शिक्का मारला होता. त्याहूनही लाजिरवाणी गोष्ट अशी की, दोन प्रयत्न पूर्णपणे भिन्न मार्गांनी एकमेकांपासून जेमतेम तीन टक्क्यांच्या अंतरावर पोहोचले होते. चुका करणारे सहसा एकाच ठिकाणी भेटत नाहीत. चार ‘चुकीच्या’ उत्तरांपैकी दोन एकमेकांशी जुळत असतील, तर संशय प्रमाण उत्तरावर घ्यायला हवा, इतके साधे गणित मला सुचले नव्हते, कारण चारही लाल खुणा बघून मी खूश होते.

दुरुस्तीचा भाग मला अजूनही आवडतो, म्हणून त्यावर थोडे रेंगाळते. पन्नास अंकी गणन करून उत्तर मिळते हे खरे, पण ते जरा घणाने माशी मारण्यासारखे आहे. खरे तर याच डबल प्रिसिजनमध्ये, याच ०.०१ च्या ग्रिडवर उत्तर मिळू शकते. फक्त वजाबाकी टाळायला हवी. सम आणि विषम या दोन्ही तरंगफलांची श्रोडिंगर समीकरणे लिहा, एकाला दुसऱ्याच्या तरंगफलाने गुणा, वजा करा आणि मध्यापासून अनंतापर्यंत संकलन (इंटिग्रेशन) करा. उरते ते असे: दोन पातळ्यांमधले अंतर गुणिले दोन्ही तरंगफलांच्या गुणाकाराचे अर्ध्या पट्ट्यावरील संकलन, बरोबर सम तरंगफलाचे मध्यावरील मूल्य आणि विषम तरंगफलाचा मध्यावरील उतार यांच्या गुणाकाराचे निम्मे. हे अचूक समीकरण आहे, सन्निकटन नव्हे. यात जवळजवळ समान असलेल्या दोन मोठ्या संख्या वजा कराव्या लागत नाहीत. दोन लहान संख्यांचा गुणाकार करावा लागतो, आणि लहान संख्यांच्या गुणाकाराला संगणक घाबरत नाही. अट एवढीच की सम आणि विषम प्रश्न अर्ध्या पट्ट्यावर वेगवेगळे सोडवावेत, म्हणजे त्यांच्या मिश्रणाचा प्रश्नच उद्भवत नाही. अशा अर्ध्या प्रश्नात तळाच्या पातळीची शेजारीण जवळजवळ एक एकक दूर असते. तरंगफलाचे मध्यावरचे मूल्य साधारण एक कोटीत एक भाग एवढेच आहे, पण त्यातली त्रुटी त्याहून हजारो पटींनी लहान राहते. या मार्गाने काढलेले उत्तरही तेरा शून्यांनंतर ५१७ आले. तेच यंत्र, तीच अचूकता, तेच ग्रिड.

एवढ्या अंतराचा भौतिक अर्थ सांगायचा तर, एका खळग्यात ठेवलेला कण पलीकडे जाऊन परत येईपर्यंत सुमारे १९ लाख कोटी हेलकावे घेतो.

मग फरकाच्या सवलतीचा प्रश्न आला. मी ठेवलेली पाच टक्क्यांची सूट बरोबर उत्तराभोवती ठेवली असती, तर दुसऱ्या प्रयत्नातले सूत्रावरून काढलेले उत्तर, जे तीन टक्क्यांनी जास्त आहे, बिनदिक्कत पास झाले असते. म्हणजे संगणकीय भौतिकीचा प्रश्न गणनाचे एक पाऊलही न टाकता सुटला असता. सूट एक टक्क्यावर आणली, तर ते सूत्र बाद होते. पण या विशिष्ट स्थितिज ऊर्जेसाठी त्या सूत्राची पुढची दुरुस्तीही प्रसिद्ध आहे, आणि ती माहीत असलेला सोडवणारा ५१७ पर्यंत कागदावरच पोहोचतो. हे मान्य करावे की नाही यावर दुसऱ्या परीक्षकांशी माझे थोडे मतभेद झाले. त्यांचे म्हणणे होते की मार्ग कोणताही असो, बरोबर ते बरोबर. तत्त्व म्हणून मला ते पटते, पण प्रश्नाचा हेतू गणनातली सावधगिरी तपासण्याचा होता आणि पाठांतराने तो हेतू निसटत होता. शेवटी मी टेकाडाच्या माथ्यावर एक छोटा गोलसर उंचवटा वाढवला. त्यामुळे प्रसिद्ध सूत्र जसेच्या तसे लागू पडेना आणि गणनाला पर्याय उरला नाही. नव्या प्रश्नाचे प्रमाण उत्तर मी दोन मार्गांनी काढले, एकदा पन्नास अंकांत वजाबाकी करून आणि एकदा वरच्या समीकरणाने, आणि दोन्ही प्रोग्राम सोबत जोडले.

प्रकरणाचा हा भाग इथे संपवता आला असता, पण अटींबद्दल बोलल्याशिवाय ते अर्धवट राहील. ‘मॉडेल चुकले पाहिजे’ ही चाळणी दिसायला कडक आहे. प्रत्यक्षात तिच्यातून सर्वांत सहज पार होतो तो चुकीचे प्रमाण उत्तर असलेला प्रश्न, कारण त्याच्याशी कुणाचेच उत्तर जुळत नाही. अवघड आणि बरोबर प्रश्नाला या चाळणीतून जायला नशीब लागते. चुकीच्या प्रश्नाला काहीच लागत नाही. ज्याचा मोबदला मॉडेलच्या चुकण्यावर ठरतो, त्याला चार लाल खुणा दिसल्यावर आपल्या प्रोग्रामकडे परत वळावेसे वाटत नाही, हे मी स्वानुभवाने सांगते. आणि ही अडचण फक्त माझ्यासारख्या एकट्या-दुकट्या कंत्राटदारापुरती नाही. ‘ह्युमॅनिटीज लास्ट एक्झाम’ या मॉडेलांच्या चाचणीसाठी २०२५ मध्ये आलेल्या २,५०० प्रश्नांच्या संचातही पहिली चाळणी मॉडेल चुकण्याचीच होती, आणि त्याच वर्षी फ्यूचरहाउस या संस्थेने त्यातल्या रसायनशास्त्र व जीवशास्त्राच्या प्रश्नांची छाननी करून सुमारे २९ टक्के उत्तरे प्रसिद्ध संशोधनाशी विसंगत असल्याचा अंदाज मांडला. संच तयार करणारे बेफिकीर होते असा याचा अर्थ मी लावत नाही. चाळणीचा गुणधर्मच असा आहे की तिच्यात खडेही वर राहतात.

पहिल्या परीक्षकांनाही मी फारसा दोष देत नाही. त्यांनी माझा प्रोग्राम चालवला आणि तोच आकडा आला. तोच प्रोग्राम त्याच यंत्रावर पुन्हा चालवून तोच गोंगाट पुन्हा मिळतो, हे पडताळणीत मोडत नाही. पण तपासणीच्या यादीत ‘उत्तर पुन्हा मिळते का’ एवढाच रकाना होता आणि त्यांनी तो भरला. दुसऱ्या परीक्षकांनी यादीबाहेरची एक गोष्ट केली, एका आकड्यात ०.०१ चे ०.००८ केले. त्यासाठी पाच मिनिटेही लागली नसतील. त्या यादीत ‘गणनाचा एक मापदंड बदलून उत्तर स्थिर राहते का’ असा रकाना वाढवावा, अशी लेखी सूचना मी नंतर केली. ‘विचारार्थ घेतली आहे’ असे उत्तर आले.

दुरुस्त केलेला प्रश्न मी नव्याने दाखल केला. मॉडेलने तो चारपैकी दोनदा सोडवला. दोन्ही वेळा वाढीव अचूकता वापरून, आणि त्यातल्या एका वेळी तरंगफल सममित आहे का हेही तपासून. उरलेल्या दोन्ही वेळा ते ग्रिडच्या गोंगाटात अडकले, अगदी मी अडकले होते तसेच. माझ्या मते असा प्रश्न सर्वांत उपयोगी असतो, कारण तो एकाच मॉडेलच्या सावध आणि बेसावध प्रयत्नांत फरक करतो. अटींच्या हिशेबात मात्र तीनदा चुकणे आवश्यक होते. पहिल्या प्रश्नाचा मोबदला पुढच्या देयकातून वळता करून घेण्यात आला, ते योग्यच होते. दुसऱ्या प्रश्नाची नोंद माझ्या खात्यात अजून आहे. स्थितीच्या रकान्यात ‘नाकारला’ आणि कारणाच्या रकान्यात ‘पुरेसा अवघड नाही’ असे लिहिलेले आहे.